लालपरीचे मॉड ठेवायचे कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मोबाइलवरील खेळ मूळचा इंडोनेशियातील ‘मालेओ’ या कंपनीचा. पण त्यात स्वतः घडवलेली गाडी आणून चालवता येत असल्याने आपल्याकडच्या मुलांनी त्यात एसटी कधीच आणून सोडली आहे. लालपरी, शिवशाही, हिरव्या-पांढऱ्या रंगातली एशियाड असे एसटीचे अनेक अवतार या मुलांनी ‘मॉड’ म्हणून, म्हणजे खेळात बाहेरून जोडायची फाइल म्हणून, तयार केले आहेत. माझा भाचा त्यांपैकीच एक. जुन्या लालपरीच्या टपावर चढायच्या शिडीला पायऱ्या नेमक्या किती, हे मोजण्यासाठी तो आगाराच्या फाटकाशी तासभर उभा राहिलेला मी पाहिला आहे.

एवढ्या कष्टाने घडवलेली वस्तू ठेवली कुठे जाते, हे मात्र कुणी पाहत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा, खाली लिंक द्यायची, ती तीन-चार जाहिरातींच्या पानांतून फिरवायची आणि फाइलचा पासवर्ड व्हिडिओच्या मध्येच कुठेतरी दाखवायचा, असा सर्रास रिवाज आहे. त्या पानांवर ‘डाउनलोड’ लिहिलेली चार बटणे असतात आणि त्यांतली तीन खोटी. भाच्याने आपली फाइल ज्या फुकट साठवणुकीच्या संकेतस्थळावर ठेवली होती, तेथून ती काही महिन्यांनी परस्पर काढून टाकली गेली. मूळ प्रत जुन्या फोनबरोबर गेली. आता व्हिडिओ तेवढा उरला आहे आणि त्याखाली ‘दादा, लिंक चालत नाही’ अशी रांग.

संगणकावरील खेळांच्या जगाने हे सारे आधीच भोगलेले आहे. ‘स्टीम’ या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातील मॉडचा विभाग, ‘स्टीम वर्कशॉप’, २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा एका बटणावर मॉड मिळू लागले आणि त्यातील सुधारणाही आपोआप पोहोचू लागल्या. पण ही सोय दुकानाच्या दाराला बांधलेली असते आणि तोच खेळ दुसरीकडून विकत घेणारा बहुधा बाहेरच राहतो. त्याच वर्कशॉपवर एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याचा प्रयोग झाला, मॉडच्या निर्मात्याच्या वाट्याला किमतीचा चौथा हिस्सा ठेवला गेला, आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. ‘नेक्सस मॉड्स’ या मॉड साठवणाऱ्या संकेतस्थळाने २०२१ मध्ये एकदा चढवलेली फाइल समूळ काढून टाकण्याचा निर्मात्याचा हक्कच संपवला, ज्यांना हे पटले नाही, त्यांना आपले सामान हलवायला महिनाभराची मुदत दिली. मला स्वतःला हा निर्णय निर्मात्यावर थोडा अन्याय करणारा, पण वापरणाऱ्याच्या सोयीचा वाटतो. मोठे नाव म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. ‘कर्सफोर्ज’ या मॉडच्याच संकेतस्थळावरील ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या काही मॉडमध्ये २०२३ साली घातक प्रोग्राम शिरला होता.

म्हणून एसटीचे मॉड करणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच की, यूट्यूबला जाहिरातीचा फलक समजावे, गोदाम समजू नये. निर्मात्याच्या नावाचे पान, आवृत्त्यांची नोंद आणि थेट डाउनलोड या तीन गोष्टी मिळतील तीच जागा फाइलसाठी निवडावी. ‘गिटहब’ या प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या संकेतस्थळावर हे फुकट होते, तेथे प्रकाशित आवृत्तीसोबत जोडलेली फाइल दोन जीबीपर्यंत चालते आणि बसचे मॉड त्याच्या आसपासही पोहोचत नाही. फाइल कुणी स्वतःच्या नावावर खपवली (आणि हे रोज घडते), तर मूळ कुणाचे हे त्या पानावरील तारखेवरून दाखवता येते. मॉडेलचा सांगाडा दुसऱ्याकडून घेतला असेल, तर त्याचेही नाव तेथेच लिहावे. ‘क्रेडिट’ म्हणून व्हिडिओच्या शेवटी क्षणभर चमकवलेले नाव कुणी वाचत नाही.

जाहिरातींच्या लिंकमधून मुलांना थोडेफार पैसे मिळतात, हे मला ठाऊक आहे आणि त्यात मी दोष काढत नाही. ती लिंक खुशाल ठेवावी, फक्त फाइलकडे जाणारी ती एकमेव वाट नसावी.

आपला,
एक वाचक, सातारा