आधी थांबायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारसायकल शिकणाऱ्याला आपण पहिल्या दिवशी काय शिकवतो, याचा विचार व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. क्लच हळूहळू सोडायचा, बेताने रेस द्यायची, गाडी बंद पडू द्यायची नाही, आणि तोल सांभाळत चार फेऱ्या मारल्या की ‘आली गाडी’ म्हणून शिकवणारा मोकळा होतो. गाडी पुढे कशी न्यायची, हे त्या फेऱ्यांत कळते. ती थांबवायची कशी, हे मात्र अनेकांना पहिल्या अपघातातच उमगते. मी स्वतः असाच शिकलो. ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, कोलांटी खाशील,’ असे मला मायेपोटीच बजावले गेले होते. पुढे एका संध्याकाळी अचानक एक मोटार आडवी आली, मी सारे बळ लावून मागचा ब्रेक दाबला, मागचे चाक अडकून गाडी आडवी झाली आणि मी तिच्याबरोबर फरफटत गेलो. त्या क्षणी उजवा हात पुढच्या ब्रेककडे वळलाच नाही, कारण त्याला ती सवयच नव्हती.

ब्रेक लागताच गाडीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. म्हणून कोरड्या रस्त्यावर मोटारसायकल थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. त्याची भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. तो एकदम आवळला, तर भार पुढे येण्याआधीच चाक अडकून घसरते. पण यावर उपाय तो ब्रेक टाळणे हा नसून, ओले फडके पिळताना जसा दाब वाढवत नेतो तसा तो दाबायला शिकणे हा आहे.

अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऐन प्रसंगी बहुतेक स्वार मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक फारच कमी वापरतात, असे त्यात नोंदवले आहे. अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. हे वाचताना मला माझीच संध्याकाळ आठवली.

म्हणून नवशिक्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की रस्त्यावर जाण्याआधी एखाद्या मोकळ्या, सपाट आणि कोरड्या डांबरी जागेवर एक खूण करून तेथे थांबण्याचा सराव करावा. आधी ताशी २० किलोमीटर, ते जमले की ३०, मग ४०. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत आणि पुढच्याचा दाब क्रमाने वाढवावा. नजर पुढच्या चाकाकडे नव्हे, दूर समोर असावी, कारण नजर जिथे खिळते तिकडेच गाडी ओढली जाते. घाबरून आधी क्लच ओढण्याची सवय पुष्कळांना लागते. त्यामुळे इंजिनाचा अटकाव निघून जातो, म्हणून क्लच शेवटी, गाडी थांबायला आल्यावर ओढावा. वळणावर गाडी कललेली असताना मात्र पुढचा ब्रेक जोरात लावू नये, वेग वळणाआधीच कमी करावा.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. त्यानंतरचे ब्रेक लावून थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर ते चौपट होते. पुढच्या वाहनापासून किमान २ सेकंदांचे अंतर ठेवा असे सांगतात ते यामुळेच, आणि नवशिक्याने ते ३ सेकंद ठेवावे असे मला वाटते.

वाळू, खडी, सांडलेले तेल, ओले रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर हे सारे गणित बिघडते. तेथे वेग आधीच कमी हवा. एबीएस असलेली गाडी घेता आली तर अवश्य घ्यावी. ती यंत्रणा चाक अडकू देत नाही, परंतु पुरेसा दाब देण्याचे धैर्य स्वाराच्या बोटांनाच कमवावे लागते. हेल्मेटविषयी वेगळे काय सांगावे? पट्टा न लावलेले हेल्मेट आपटताना डोक्यावर राहत नाही आणि जोराचा आघात सोसलेल्या हेल्मेटचे आतले अस्तर पुन्हा पूर्ववत होत नाही, त्यामुळे ते बदलावेच लागते.

शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि मित्रांना माझी विनंती आहे, की शिकाऊ मुलगा किंवा मुलगी ताशी ४० च्या वेगातून, चाक न अडकवता, सलग १० वेळा खुणेजवळ थांबेपर्यंत त्यांना रहदारीत पाठवू नये. मागे कोणाला बसवण्याची परवानगी त्यानंतरही काही महिन्यांनीच द्यावी, कारण वाढलेल्या भारामुळे ब्रेकचा सारा अंदाज बदलतो आणि मागे बसलेल्यासह थांबण्याचा सराव त्याच मोकळ्या जागेवर पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

आपला विश्वासू,
एक वाचक