माती परीक्षणात शिसं आणि कॅडमियमही तपासा: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला, गोदाकाठचा शेतकरी. वरच्या अंगाला द्राक्षबाग, नदीकडच्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, पालक. हा भाजीपाला नाशिकच्या बाजार समितीतून रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो. त्यामुळे हे पत्र जितकं माझं आहे, तितकंच सकाळी ती जुडी विकत घेणाऱ्या ताईंचंही आहे.

मागणी एकच. नाशिक शहराच्या खाली गोदावरी, नंदिनी आणि वालदेवीच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनींच्या माती परीक्षणात शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल हे चार धातू घ्या.

मृद आरोग्य पत्रिका २०१५ साली आली. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन अशा १२ गोष्टी असतात. पिकाला काय कमी पडतंय ते कळतं. नको ते काय साचलंय, त्याला रकानाच नाही. नमुना घेताना सहायक कृषी अधिकारी बजावून सांगतात: वीतभर खोल खड्डा घ्या, सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची तर लोखंडी फावड्याचा गंज लागू देऊ नका, प्लास्टिकचं घमेलं वापरा. मग माती मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. फावड्याच्या लोखंडाची एवढी काळजी घेतो आपण. मोटारीच्या पाण्याबरोबर वर्षानुवर्षं काय आलं असेल, हे मात्र विचारत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत क्रोम, निकेल, जस्ताचं प्लेटिंग म्हणजे मुलामा करणारे कारखाने आहेत. त्या कामाच्या सांडपाण्यात आणि गाळात हेच धातू असतात. सगळेच कारखानदार ते नाल्यात सोडतात, असं मी म्हणणार नाही. आमच्याच घरातली पोरं तिथे कामाला जातात. एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. दगडी कोळशातलं शिसं, क्रोमियम, आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही, बरंचसं राखेत उतरतं. आणि आम्ही बागायतदारही यातून सुटलेलो नाही. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशी रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारतो, त्यातलं तांबं बागेच्या वरच्या थरातच बसून राहतं. युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे.

फवारणीच्या औषधाचा अंश उन्हा-पावसात हळूहळू मोडतो, धातू मोडत नाही. आपली काळी, चुनखडीची जमीन शिसं आणि कॅडमियम धरून ठेवते, म्हणून पिकावर लगेच काही दिसत नाही. हा दिलासा अर्धाच. क्रोमियमचा हेक्साव्हॅलंट हा विषारी प्रकार मात्र अशा विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत विरघळलेला राहतो आणि विहिरीच्या पाण्यात उतरू शकतो. द्राक्षाच्या मण्यात हे धातू फार कमी जातात, पालेभाजीच्या पानात जास्त. निर्यातीच्या द्राक्षातला औषधाचा अंश तपासल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. मुंबईला जाणाऱ्या मेथीला असं कुणी अडवत नाही.

उशिराची किंमत जपानच्या तोयामा भागाने मोजली. कामिओकाच्या जस्त-शिशाच्या खाणीतून निघालेलं कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्याने भातखाचरांत गेलं, तिथून तांदळात. बायकांची हाडं साध्या हालचालीने मोडू लागली. सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये, शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा झाला १९७० मध्ये, आणि खाचरांतली माती बदलण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं. नाशिकला अशी खाण नाही, तोयामासारखं इथे घडलंय असंही मी म्हणत नाही. पण तपासल्याशिवाय 'सगळं ठीक आहे' असंही कुणी म्हणू नये.

जस्त आणि तांबं ज्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर मोजतात, त्यावरच दिवा बदलून हे चारही धातू मोजता येतात. नमुना तयार करायची रीत तेवढी वेगळी. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केले आहेत. संशयित जागा जिल्हास्तरावरून कळवायच्या आहेत. मोजलंच नाही तर कळवणार काय?

आता आमची भीती. गावाचं नाव पेपरात आलं की त्या गावच्या मालाला व्यापारी हात लावत नाही, आणि ज्याने पाणी बिघडवलं त्याचं काहीच जात नाही. म्हणून जमिनीच्या गट नंबरनुसार निकाल फक्त त्या शेतकऱ्याच्या हातात द्या. धातू जास्त निघाले तर लगेच पालेभाजीऐवजी दुसरं पीक घ्यायला रोपं, बियाणं आणि दोन हंगामांचा आधार द्या, आणि तो खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करा. राजस्थानातल्या बिछडी गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच तत्त्व लावलं होतं. सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करायला निधी येतोय, त्यातला थोडा काठच्या मातीसाठीही काढा.

रब्बी निघाली की एप्रिल-मेमध्ये नमुने घेतले जातात. त्याआधी आदेश निघावा, ही विनंती. पहिला नमुना माझ्या नदीकडच्या तुकड्यातून घ्यावा. निकाल काहीही आला तरी तो ग्रामसभेत मी स्वतः वाचून दाखवीन.

आपला,
गोदाकाठचा एक शेतकरी
ता. निफाड, जि. नाशिक