फादर, आईच्या त्या प्रश्नासाठी थँक्यू

प्रिय फादर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण वाचाल तेव्हा कळेलच की हे वसईतलं कुठलं घर ते.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, बाबा गेले तेव्हा सगळाच गोंधळ होता. हॉस्पिटलमधून बॉडी थेट स्मशानात गेली, आम्ही दोघं भाऊ लांब उभे, ना शवपेटी, ना चर्चमधली मिस्सा प्रार्थना, ना मूठभर माती. दुसऱ्या दिवशी हातात आला राखेचा एक छोटा मडका, लाल कपड्यात बांधलेला. आईने तो कपाटात तिच्या लग्नाच्या साडीमागे ठेवला आणि वर्षभर त्या कपाटाला कोणाला हात लावू दिला नाही. 2 नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, सगळं गाव कबरींवर झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन गेलं, आई घरीच बसली. तिचं एकच, दर रविवारी चर्चमध्ये 'देहाचे पुनरुत्थान', म्हणजे मेलेलं शरीर पुन्हा उठणार, असं म्हणतो ना आपण, मग ह्यांचा देह आहे कुठे, राखेतून काय उठणार?

खरं सांगू, आम्ही तिला "अगं आत्मा अमर असतो" असलं काहीतरी सांगून गप्प करायचो. तुम्ही आलात आणि पहिल्यांदा तेच खोडून काढलंत. नुसता आत्मा पुरला असता तर ईस्टरला येशूचं थडगं रिकामं कशाला असतं, म्हणालात. आत्मा देवाकडे जातो हे खरं, पण ती अर्धीच गोष्ट, शेवटच्या दिवशी शरीर पण मिळणार. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण होते, त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, भूत असतं तर मासा मागितला असता का! आई तेव्हा पहिल्यांदा हसली, कारण बाबांना पण भाजलेला बोंबील लागायचाच.

मग ते फ्रान्समधल्या ल्यों शहराचं सांगितलंत. 177 साली तिथल्या ख्रिस्ती लोकांना मारून, जाळून राख मुद्दाम ऱ्होन नदीत टाकली होती, आता बघू कसे उठतात म्हणून. आणि चर्च त्यांनाच संत मानतं. म्हणजे राख झाली म्हणून देवाचं काही अडतं असं कोणी मानलंच नाही, आणि 1963 पासून तर रोमनेच, म्हणजे व्हॅटिकननेच, दहनाला परवानगी दिलीये, फक्त पुनरुत्थान नाकारायला म्हणून करायचं नाही. हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं, इतकी वर्षं चर्चला जाऊन.

पण आईला पटलं ते वालामुळे. ओट्यावर बियाण्याचा वाल सुकत होता, तुम्ही एक दाणा उचलून विचारलंत, मागच्या वर्षी पेरलेला दाणा दाखवा बघू. ती म्हणाली तो कुठला आता, कुजला, त्याचा वेल झाला. तुम्ही म्हणालात बायबलमध्ये संत पौल करिंथकरांना पत्रात हेच लिहितो, पेरतो ते एक आणि उगवतं ते वेगळं, तरी वालाचा वालच येतो, दुसरं काही येत नाही.

मडक्याचं पण तुम्ही रागावून नाही सांगितलंत. 2016 चा रोमचा नियम आहे, राख घरी ठेवायची नाही, उधळायची नाही, पवित्र जागी ठेवायची, एवढं बोललात आणि चहा (बिनसाखरेचा, लक्षात आहे) पीत बसलात. चार दिवसांनी आईनेच कपाट उघडलं. आजोबांच्या कबरीत मडका ठेवला, पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती तुम्ही स्वतः चर्चमधून उचलून आणलीत, वाऱ्याने तीनदा विझली ती. तेव्हा मला वर्षभरात पहिल्यांदा रडू आलं आणि तुम्ही एवढंच म्हणालात की मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असून येशू पण रडला होता.

परतताना आईने विचारलं, मी ओळखणार कशी ह्यांना? तुम्ही मग्दालीया मरीयेचं सांगितलंत, तिला उठलेला येशू आधी माळीच वाटला, नावाने हाक मारली तेव्हा ओळख पटली. आई लगेच म्हणाली, पण ह्यांनी तर चाळीस वर्षांत मला कधी नावाने हाक मारली नाही, नुसतं "अगो" करायचे.

"मग अगो म्हणतील," म्हणालात तुम्ही.

ती आता शेजारणींना पण हे सांगते, दर वेळी थोडं वाढवून. थँक्यू फादर. या 2 नोव्हेंबरच्या मिस्सेनंतर घरी या, आई बोंबील भाजणार आहे.

तुमचाच,
मडकेवाल्या घरातला धाकटा