काकांचं नेट अन तुझा नंबर

नागपूर
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय गुड्डू,

काल तुझा फोन तीनदा कटला, चौथ्यांदा तू तिकडून हॅलो हॅलो करून राहिला अन मी इकडून गच्चीवर जाऊन बोंबलून राहिलो, शेवटी बायको म्हणाली एवढ्या आवाजात बोलता तर पुण्याला असंच ऐकू जाईल, फोन कशाला पाहिजे. म्हणून लिहूनच पाठवून राहिलो आहे, निवांत वाच, मीटिंगमध्ये वाचू नको.

तू म्हणाला होता की बाबांच्या इथलं नेट एकदम फालतू झालं आहे, ही कंपनी सोड, दुसरीचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन टाकून दे, पैसे मी देतो. तर आज सकाळी गेलो महाल भागातल्या तुमच्या वाड्यात, काका-काकूंकडे. बडकस चौकाच्या अलीकडेच गाडी लावली अन पायी गेलो, तुमच्या गल्लीत आता सायकलसुद्धा तिरपी करून न्यावी लागते. काकूंनी पोहे केले होते अन काकांनी बाहेरून तर्री आणली होती. डॉक्टरांनी बंद केली आहे तरी आणली, हे तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, सांगून टाकलं.

मी मनात धरून गेलो होतो की लाइनच गेली असेल. तसं काही नाही बे. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्यावर लाल लाइट नाही, हिरवा एकदम स्थिर, म्हणजे फायबर ठणठणीत आहे. राउटरजवळ उभं राहून स्पीड टेस्ट केली तर ९४ आला, प्लॅन १०० चा आहे, अजून काय पाहिजे. अन मग माजघरात गेलो, जिथे काकूंचा पलंग आहे अन जिथे तू त्यांना व्हिडिओ कॉल करतो, तिथे आला ३.

काऊन तर कूलर. राउटर खिडकीच्या कोनाड्यात ठेवला आहे अन एप्रिलपासून त्याच खिडकीला कूलर लागला आहे, पत्र्याची बॉडी, खाली टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंनी भिजलेल्या ताट्या. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झवाला सिग्नल पाण्यात जिरते अन पत्र्यावरून परत फिरते, अन ५ गिगाहर्ट्झवाला फास्ट असला तरी भिंत आली की त्याच्याहून आधी हात टेकते, अन तुमच्या वाड्याच्या भिंती तर दोन दोन फुटाच्या. तू दरवर्षी जुलैमध्ये म्हणतो न की आता बरं चालून राहिलं, कंपनीनं सुधारलं वाटते, ते कंपनीनं काही केलेलं नसते, काकांनी कूलर माळ्यावर टाकलेला असते. बाकी शहरांतल्या लोकांना हा प्रॉब्लेम समजणारच नाही, पण जिथे मे महिन्यात ४५ च्या वर जाते तिथे कूलरशिवाय काय करणार. (२०२४ च्या मे अखेर इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, सगळ्या व्हॉट्सॲपवर बोंब, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. म्हणजे आमच्या उन्हात मशीनचंही डोकं फिरते.)

तर ३०० चा प्लॅन डोक्यातून काढ. ३०० घेतला तरी तो कोनाड्यापर्यंतच ३०० राहणार, माजघरात तेच ३ नाहीतर ४. दोन म्हाताऱ्या माणसांना लागते किती, एक व्हिडिओ कॉल अन काकांचे कीर्तनाचे व्हिडिओ, दोन्ही एकदम चालले तरी १० च्या आत. वरून १८ टक्के जीएसटी, ४९९ म्हणतात अन ५८९ घेतात, ही गोष्ट जाहिरातीत इतक्या बारीक अक्षरात असते की काकांनी मला भिंग आणून दाखवली. एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेबाच्या ऑफिसात जन्म काढलेला माणूस तो. मला म्हणाले, १०० चे पैसे घेते अन डाउनलोडला १२ दाखवते, ही सरळसरळ मापात मार आहे. त्यांना समजावून सांगितलं की प्लॅन बिटमध्ये असते अन फाइल बाइटमध्ये, ८ बिटचा १ बाइट, १०० भागिले ८ करा. त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर भागाकार केला, साडेबारा आले, तरी चेहऱ्यावर समाधान नव्हतं. म्हणाले मग लिहावं न तसं. बरोबरच आहे त्यांचं.

आता खरी गोष्ट सांगतो. मी दुपारी थांबलो तिथेच, ऊन होतं म्हणून, अन पाहतो तर जेवण झाल्यावर काका उठले अन राउटरचं बटन बंद केलं. मी म्हटलं काका हे काय, तर म्हणाले आता कोणी वापरून नाही राहिलं न, चालू राहिलं तर उगाच बिल येते. रोज दुपारी बंद, रात्री साडेनऊला बंद. तू दहा वाजता ऑफिसचं आटपून फोन लावतो अन तुला वाटते नेट गेलं. नेट गेलं नाही भाऊ, झोपवलं आहे.

अन हे काऊन करते ते तुला माहीत आहे. २००७ आठव. बीएसएनएलचं डेटावन, ५०० चा प्लॅन, रात्री २ ते सकाळी ८ फुकट अन बाकी वेळ मोजून. आपण तुझ्या खोलीत पावणेदोनचा अलार्म लावून बसायचो, दोन वाजून दोन मिनिटांनी कनेक्ट करायचं कारण घड्याळ एखादं मिनिट पुढे असलं तर. त्या नव्या २ एमबीपीएसच्या लाइनवर ७०० एमबीचा पिक्चर तासाभरात उतरला तेव्हा आपण एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या, झोपेत असलेल्या घरात, आवाज न करता. अन मग ती एक सकाळ, आपण दोघंही झोपून राहिलो, डाउनलोड चालू, अकरा वाजता जाग आली. बिल आलं २८०० का काहीतरी. काका ओरडले नाहीत, हेच तर वाईट. गुपचूप जाऊन भरून आले. तू विसरला, मीही विसरलो होतो खरं म्हणजे, पण त्या माणसानं त्या दिवसापासून नेटला नळासारखं समजलं, वापर झाला की बंद करायचा. आज त्यांना मी तीनदा सांगितलं की आता अनलिमिटेड असते, चोवीस तास चालू ठेवा, पैसा जास्त लागत नाही. हो हो म्हणाले. मी निघालो तेव्हा बंदच होता.

त्यांना दोष देत नाही मी. मोबाइलचंच बघ. काकांनी २००६ मध्ये ९९९ भरून लाइफटाइम घेतलं होतं, ते कागद अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे, आयुष्यभर इनकमिंग चालू म्हणून. मग २०१८ च्या अखेरीला कंपन्यांनी दर महिन्याला ३५ चा रिचार्ज मारा नाहीतर इनकमिंग बंद असं सुरू केलं. आज मला विचारलं, आयुष्य माझं मोजायचं होतं का त्यांचं. मी काय उत्तर देणार. अन महिना म्हणजे तरी काय, २८ दिवस. वर्षात १२ पगार अन १३ रिचार्ज, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मानलं पाहिजे. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं २०२२ मध्ये सांगितलं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा, ते ठेवतात, पण दुकानदार तो दाखवतच नाही, ॲपमध्येही खाली खाली जावं लागते. जुलै २०२४ मध्ये भाव वाढले तेव्हा तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात वाढवले, म्हणजे पळून जायला बीएसएनएल सोडून जागाच नाही.

काकूंच्या साध्या फोनमध्ये तू दर महिन्याला ३०० चा डेटावाला रिचार्ज मारतो, तो बंद कर. त्या फोनमध्ये नेट चालतच नाही बे, रोजचा दीड जीबी देवाला. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आदेशानंतर फक्त कॉल अन एसएमएसवाले प्लॅन आले आहेत, त्यातला लांब मुदतीचा मी मारून देतो. बँकेच्या ओटीपीसाठी नंबर जिवंत राहिला म्हणजे झालं.

काकांच्या स्मार्टफोनला मात्र एक गोष्ट केली, वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. वाड्यात टॉवरचा सिग्नल येत नाही, अंगणात दोन काड्या अन माजघरात एकही नाही, म्हणून कॉल कटतात. वायफाय कॉलिंगवर साधा फोनच वायफायवरून जाते, वेगळं ॲप नाही, वेगळे पैसे नाही. सेटिंगमध्ये एक बटन आहे फक्त, अन इतकी कामाची गोष्ट कंपनीवाले कधी सांगत नाहीत, ते काय सांगतील तर ५जी. एअरटेलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी काढलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं, पुणे नव्हतं, हे तुला तेव्हाही फोन करून सांगितलं होतं अन आताही सांगतो, आनंद घेऊ दे. पण काकांच्या फोनमध्ये ते पकड-सोड पकड-सोड करून बॅटरी खाऊन राहिलं होतं, मी ४जीवर करून ठेवला.

आता कंपनी बदलायचं. माझं मत स्पष्ट आहे, कंपनीला महत्त्व नाही, दुरुस्तीला कोण पोट्टा येते त्याला आहे. माझ्याकडे मागच्या हिवाळ्यात सिमेंट रोडचं काम निघालं, जेसीबीनं आमची केबल ओढून काढली, मोठी नामांकित कंपनी, ११ दिवस नेट नाही. ॲपवर तक्रार टाकायला गेलं की तो चॅटवाला म्हणते राउटर बंद करून चालू करा. अरे तिकडे केबल रस्त्यावर लोंबकळून राहिली, राउटर काय चालू करू. चौथ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार सोडवली आहे, समाधानी असाल तर पाच तारे द्या. मी घरात मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बसलो होतो. असं तीनदा झालं. मग त्यांच्याच साइटवर अपीलचं पान असते, अपिलेट अथॉरिटी म्हणतात, मोठ्या कंपन्यांना ठेवावंच लागते, तिथे तक्रारीचे नंबर टाकून अपील केलं (ट्रायकडे धावू नको कधी, ते एकेकट्याची तक्रार घेत नाहीत) तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी एक जण आला.

तो आला तेव्हा काम चाळीस मिनिटांचं निघालं. सडपातळ पोरगा, पाठीवर बॅग, त्यात जोड मारायची मशीन. फायबरमधला उजेड मोजायचा मीटर लावला, मायनस २९ आलं, म्हणाला काका मायनस २७ च्या खाली डबा पकडतच नाही, कोणीतरी मध्ये काळी टेप मारून जोडलं आहे. खांबावर चढला, जोड नीट मारला, मायनस २१. चहा पिताना सांगितलं की तो कंपनीचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे, तक्रार बंद केली की पैसे, नेट चालू झालं की नाही कोणी पाहत नाही. मी त्याचा नंबर घेऊन ठेवला. दोन महिन्यांनी लावला तर त्यानं काम सोडलं होतं, जेवण पोचवायचं काम करून राहिला, तिथे निदान रोजचे पैसे रोज दिसतात म्हणाला. नवा पोट्टा आला त्याला आमचा खांब कोणता तेही माहीत नाही.

अन तुमच्या गल्लीत आत्ता जो केबलवाला आहे त्याचा माणूस चौदा वर्षं तोच आहे, काकांना नावानं ओळखते, हाक मारली की येते. असं कनेक्शन सोडून तू ३०० च्या मागे लागून राहिला, भैताड आहेस.

मग काकांनी कंपनीकडे टाकलेल्या तक्रारी काऊन सुटत नव्हत्या, तर तेही मी त्या केबलवाल्याच्या माणसालाच विचारलं, समोरच पानठेल्यावर भेटला. त्यानं मोबाइल काढून दाखवलं. २०१९ मध्ये कनेक्शन तू घेतलं, नंबर तुझा दिला. इकडे काका तक्रार करते, तो निघायच्या आधी रजिस्टर नंबरवर फोन लावते, तो वाजते हिंजवडीला, तू अनोळखी नंबर म्हणून कापतो, तो लिहिते ग्राहक उपलब्ध नाही. सहा वेळा. त्यातल्या दोनदा तू त्याला स्पॅममध्ये टाकलं आहेस.

असं ठरवलं आहे. राउटर कोनाड्यातून काढून ओसरीच्या खांबावर, तिथून एक लॅनची वायर माजघरात नेऊन दुसरा छोटा राउटर, बर्डीच्या बाजारातून मी घेऊन येतो, दीड दोन हजारात होते. एक छोटा यूपीएस, लाइट गेली की काही तास चालेल असा. अन काकांनी बटन बंद करू नये म्हणून मी बोर्डाला टेप लावणार होतो, पण काकूंनी सांगितलं टेप नको, मी दहापर्यंत त्यांना हात लावू देणार नाही, दहाला पोराचा फोन येते. म्हणजे तू दहाच्या आत लाव, साडेदहाला नको.

रजिस्टर नंबर बदलून काकांचा टाकायचा आहे, त्याला आधी जुन्या नंबरवर, म्हणजे तुझ्या, ओटीपी येते. उद्या सोमवारी सकाळी ११ वाजता मी अन तो केबलवाला इथे काकांकडे बसून असणार. नागपूरचा अनोळखी नंबर दिसेल. उचल.

तुझाच,
बाल्या