बोर्डो गावाहून

बोर्डो,
७ सप्टेंबर, रात्री

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज बसच्या सहलीने मेदॉकच्या द्राक्षपट्ट्यात दिवसभर फिरून आले. तिथे जे पाहिले ते अण्णांना सविस्तर कळवल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

सकाळी नऊला निघालेली बस जिरोंद खाडीच्या डाव्या काठाने उत्तरेकडे जाते. मार्गो गाव मागे पडल्यावर दोन्ही अंगांना बागाच बागा लागतात, पण त्यात मांडव कुठेच दिसत नाही. वेल तारेवर बांधलेले आणि फार तर छातीइतके उंच असतात. घड मात्र गुडघ्याजवळ लोंबतात. आपण नऊ बाय पाच फुटांवर लावतो, इथे ओळींत जेमतेम एक मीटर अंतर ठेवून काही बागांत हेक्टरी दहा हजार वेल बसवतात, त्यामुळे ट्रॅक्टरसुद्धा ओळीच्या डोक्यावरून चालणारे, उंच पायांचे असतात. जमीन म्हणजे नदीने आणून टाकलेले गोटे आणि वाळू. आपल्याकडे अशी जमीन कोणी फुकट घेणार नाही, पण पावसाचे पाणी तिच्यात मुळाशी साचत नाही, आणि दिवसा तापलेले गोटे रात्री खालच्या घडांना ऊब देतात.

एका बागेत काबर्ने सोव्हिन्यों जातीचा घड हातात घेऊन पाहू दिला. मणी वाटाण्याएवढा, काळाभोर, जाड सालीचा आणि बियांचा होता. आपल्या थॉमसन जातीचा मणी फुगावा म्हणून आपण जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवतो. इथे मणी लहान राहिलेलाच हवा असतो, कारण वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. पुढे तळघरात २२५ लिटरची ओकची पिंपे पाहिली आणि घोटभर चवही घेतली. आईपासून ते लपवत नाही.

पण खरे सांगायचे आहे ते सँ झुलियँ गावचे. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे या भागातून जात असताना त्यांना दिसले की डाऊनी या बुरशीच्या रोगाने सगळ्या बागेची पाने गळाली आहेत, फक्त रस्त्यालगतचे वेल हिरवे आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागवाले त्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे निळी पाने पाहून लोकांना विषाची भीती वाटे. मियार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मिश्रण, म्हणजेच आपले बोर्डो मिश्रण, जाहीर केले. डाऊनी मुळात अमेरिकेतून आली होती. फिलॉक्सेरा हा मुळे खाणारा कीडा बागा संपवत होता, त्याला तोंड देणारी अमेरिकन रोपे आणली गेली आणि त्यांच्याबरोबरच हा रोगही आला. आपण ज्या डॉगरीजवर कलम करतो, तोही अमेरिकनच वेल आहे.

अण्णा, लहानपणी मला बोर्डो हे औषधाचेच नाव वाटत असे. तुम्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मोरचूद वेगळे, चुना वेगळा भिजवून मग एकत्र करायचात, आणि विळ्याचे पाते त्यात बुडवून बघायचात; पात्यावर तांबूस पुट चढले, तर आणखी चुना लागे. बुडवायला विळा माझ्या हाती द्यावा म्हणून मी हट्ट करत असे. आज रस्त्याकडेच्या ओळीतल्या शेवटच्या खांबावर तसाच फिकट निळा डाग दिसला. मी बोटाने चोळला, तर थोडी भुकटी बोटाला लागली. बसमधल्या कोणाला त्यात पाहण्यासारखे काय आहे ते कळले नाही, आणि मलाही भरून आल्यामुळे नीट सांगता आले नाही.

ऑक्टोबर छाटणीची तारीख ठरली की कळवा. छाटणीनंतर खोडांना बोर्डो पेस्ट लावाल, तेव्हा तुमचा आणि त्या ड्रमचा एक फोटो दादाला काढायला सांगा. परतीच्या पावसात रात्री-बेरात्री एकट्याने फवारणीला जाऊ नका. आईच्या गुडघ्याचे कसे आहे, तेही लिहा.

तुमची,
मंजू