नावाचे ड्यूक

फ्रायबुर्ग, जर्मनी, रविवार रात्र

प्रिय मक्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आज दुपारी पाऊस थांबला तसा शहराच्या उत्तरेला त्सेरिंगनच्या पडक्या किल्ल्यावर चढून आलो. वर उरलाय एक गोल बुरूज, बाकी झाडी. आपल्या सह्याद्रीतला एखादा किल्लेदारही इथे राहायला नाक मुरडेल. पण या टेकडीचं नाव लावणारं घराणं एकेकाळी ड्यूक म्हणवायचं, आणि मी राहतो ते गाव त्यांनीच वसवलं.

गंमत म्हणजे हे ड्यूक बिनमुलखाचे! घराण्यातल्या पहिल्या बेर्टोल्डला 1061 मध्ये कॅरिंथियाची (आजच्या ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडची) डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, मिळाली, पण तिथे त्याचं कधी धड चाललंच नाही, पुढे तीही गेली. त्याच्या मुलाने, दुसऱ्या बेर्टोल्डने, नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबियाच्या डचीसाठी होहेनश्टाउफेन या दुसऱ्या घराण्याशी उभा दावा मांडला. 1098 मध्ये तडजोड झाली: श्वाबिया त्यांना, झ्युरिक याला, आणि ड्यूक ही पदवी याच्याकडे राहिली. पण ड्यूक कुठला? तर त्सेरिंगनचा. म्हणजे या टेकडीचा. तिथे उभा राहून मी मोठ्यांदा हसलो, शेजारून जाणाऱ्या आजीबाईंनी कुत्रा जवळ ओढून घेतला.

मुलूख नाही म्हणून यांनी गावं वसवली. 1120 मध्ये दुसऱ्या बेर्टोल्डच्या मुलाने, कोनराडने, फ्रायबुर्गला बाजाराचा हक्क दिला, 1157 मध्ये आजच्या स्वित्झर्लंडमधलं फ्रिबूर, 1191 मध्ये आरे नदीच्या वळणावर बर्न. मधोमध रुंद रस्ता, तोच बाजार, दोन्ही अंगांना घरं. बर्नला पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, अरे, हा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. व्यापारी आले की जकात आली, जकात आली की ड्यूक खरा. माझ्या मते त्या काळच्या तलवारबाजांपेक्षा यांना हिशेब जास्त कळत होता.

हिशेबाचा कळस शेवटच्याने, पाचव्या बेर्टोल्डने केला. 1197 मध्ये सम्राट सहावा हाइन्रिश वारला. कलोनच्या आर्चबिशपच्या गटाने याला म्हटलं, तू जर्मनीचा राजा हो. याने होकार भरला, हमी म्हणून दोन सख्खे भाचे ओलीस ठेवले. मग घरी बसून खर्च मोजला असणार! विरुद्ध पक्षाच्या फिलिपकडून पैसे आणि काही हक्क घेतले आणि राजमुकुटावर पाणी सोडलं. भाचे राहिले अडकून. त्यातला कोनराड पुढे सिस्टर्शियन साधू झाला आणि थेट कार्डिनलपदापर्यंत गेला. मामाच्या लग्नाची जेवणं भाच्यांनी वाढावीत हे आपण ऐकलंय, पण इथे मामाच्या राजेपणासाठी भाच्यांनी कैद भोगली.

या बेर्टोल्डने 1200 च्या सुमारास इथलं चर्च, म्युन्स्टर, मोठं बांधायला घेतलं, स्वतःच्या थडग्यासाठी. 1218 मध्ये तो गेला, तिथेच पुरलाय. मागे मुलगा नाही. वाटणी बहिणींच्या घरी: आग्नेसकडून उराखच्या काउंटांकडे फ्रायबुर्ग, आनाकडून कीबुर्गवाल्यांकडे स्विस बाजूची गावं. कीबुर्गही 1264 मध्ये निर्वंश झाले, आणि मग तो वारसा गेला हाब्सबुर्गांच्या खिशात. बर्न मात्र कुणाच्याच हाती लागलं नाही, थेट सम्राटाखालचं मोकळं शहर झालं. बाडेनचे मार्कग्राफ (सरहद्दीवरचे सरदार) या घराण्याचीच थोरली शाखा, ती पुढे शतकानुशतकं टिकली. पण त्सेरिंगनचं ड्यूकपद मात्र बेर्टोल्डबरोबरच गेलं.

म्युन्स्टरचा मनोरा 116 मीटरचा आहे आणि तो पुरा झाला ड्यूक जाऊन शंभरेक वर्षांनी. रोज संध्याकाळी त्याच्याखालून भाजी घेऊन येतो.

तू मेमध्ये येतोयस ना? बूट धड आण. इथल्या रस्त्यांच्या कडेने उघडे पाण्याचे पाट वाहतात, आणि चुकून ज्याचा पाय त्यात पडेल त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच कुणाशी होतं म्हणतात. वहिनींना आधीच सांगून ठेव.

तुझा,
नंदू