अठराव्या महिन्याचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण घटल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि मनापासून आनंद झाला. मात्र बातमीतला टक्का कशावर काढला, हे त्यात नव्हते. एचआयव्ही असलेल्या आयांना झालेल्या सगळ्या बाळांवर, की तपासणीला आणलेल्या बाळांवर? समुपदेशक म्हणून एकवीस वर्षे मी याच बाळांची नोंदवही सांभाळली, त्यामुळे बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच पडला.

वहीत प्रत्येक बाळाची एक आडवी ओळ असते. जन्मतारीख, नेव्हिरापिन (लागण टाळण्यासाठी बाळाला देतात ते औषध) कधी सुरू केले, सहाव्या आठवड्याची तपासणी, मधल्या महिन्यांच्या तपासण्या आणि अगदी शेवटी अठराव्या महिन्याचा रकाना, अंतिम निष्कर्षाचा. डावीकडचे रकाने गच्च भरलेले असतात. उजवीकडे सरकावे तशा मोकळ्या जागा वाढत जातात.

एवढे महिने का थांबायचे, हे घरच्यांना समजावणे अवघड जाते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने, नाळेवाटे बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे प्रतिपिंडेच शोधणारी मोठ्यांची नेहमीची चाचणी लागण न झालेल्या बाळालाही पॉझिटिव्ह ठरवू शकते. म्हणून सहाव्या आठवड्याला बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावरच्या गोलांत घ्यायचे, कागद नीट वाळवायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तिथे प्रतिपिंडे नव्हे, थेट विषाणू शोधतात. गोल पूर्ण भरला नाही तर नमुना परत येतो आणि त्या माउलीला पुन्हा बोलवावे लागते.

हा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरच्यांना वाटते, सुटलो. पण बाळ अंगावर पीत असते तोवर जोखीम संपलेली नसते. आईच्या एचआयव्हीवरच्या गोळ्या नियमित असतील तर ती फार कमी राहते, आणि दूध तोडा असे मी एकाही आईला कधी सांगितले नाही. गोळ्या सुटल्या तर मात्र दुधातून लागण होऊ शकते.

आमच्याकडचे एक बाळ असेच होते. सहाव्या आठवड्याला निगेटिव्ह. पुढे आई माहेरी गेली, फोन बंद झाला, तिच्या गोळ्याही तिथेच थांबल्या. मी ओळीवर ‘स्थलांतरित’ लिहिले, आणि महिन्याच्या अहवालात ते बाळ निगेटिव्हमध्येच मोजले गेले. चौदाव्या महिन्यात न्यूमोनिया होऊन ते दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा निदान झाले. आई मला भेटायला आली आणि एवढेच म्हणाली, “ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, निगेटिव्ह आहे म्हणून?” सांगितले होते मी. अठरा महिन्यांचेही सांगितले होते, पण तिने ऐकला तो पहिला शब्द.

उशिराची किंमत लहान नाही. औषधांविना लागण झालेली सुमारे निम्मी मुले दुसऱ्या वाढदिवसाआधीच जातात. उलट, पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू केले तर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाने २००८ मध्ये दाखवून दिले. औषधे आहेत, तपासणी आहे. बाळ हातचे निसटते ते दोन तारखांच्या मधल्या काळात.

म्हणून आरोग्य खात्याकडे माझे मागणे आहे. आई आणि बाळ यांची नोंद एकाच क्रमांकाने जोडावी, म्हणजे आई कुठल्याही केंद्रावर गोळ्या घ्यायला गेली तरी बाळाची राहिलेली तारीख तिथे दिसेल. अहवालात तीन आकडे वेगळे द्यावेत: लागण झालेली, लागण नाही हे पक्के झालेली आणि निष्कर्ष बाकी असलेली. तिसरा आकडा दुसऱ्यात मिळवू नये. गरोदरपणी निगेटिव्ह असलेल्या, पण दूध पाजण्याच्या काळात लागण झालेल्या आयांची बाळे तर या वहीत येतच नाहीत. त्यासाठी जोखीम असलेल्या आयांची बाळंतपणानंतरही तपासणी व्हायला हवी.

हे सगळे गुप्तता राखूनच. मी फोन करायचे तेव्हा “बाळाची तारीख आली आहे” एवढेच बोलायचे, कारण फोन कोण उचलेल याचा नेम नसे. आईला न विचारता दारात माणूस पाठवला, तर ती पुन्हा येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये क्युबाला आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही रोखल्याची मान्यता दिली, तशी ती मिळवणारा क्युबा पहिला देश. या मान्यतेसाठी स्तनपान करणाऱ्या लोकसंख्येत लागणीचे प्रमाण ५ टक्क्यांखाली असावे लागते, आणि ते दूध सुटल्यानंतरचे धरतात, सहाव्या आठवड्याचे नव्हे.

पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा आपल्या वार्ताहराने कृपया एवढे विचारून घ्यावे: किती बाळांचा अठराव्या महिन्याचा रकाना भरला?

आपली,
एक निवृत्त समुपदेशक
(वहीतल्या कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव छापू नये, ही विनंती.)